एकाच नाकपुडीतली सर्दी

हॅलो? … हो ताई, मीच… नाही हो, अजून आत नेलं नाही… सही कुठे केलीय! ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म छातीवर ठेवून पडलेत तुमचे बंधुराज. म्हणे, 'ताई काय म्हणते बघू.' … अहो, अकराला डॉक्टर येतील. तोवर सही झाली नाही तर नंबर गेला पुढच्या आठवड्यावर…

काय? … सर्दीसाठी कुणी ऑपरेशन करतं का? … ताई, ती सर्दी नाहीये… हो, सात महिने आपण सर्दीच म्हणत होतो… हो, वाफ दिली, काढा दिला, टाळूवर तेल थापलं, सगळं तुम्ही सांगाल तसं… पण मला सांगा, एकाच नाकपुडीतून कधी सर्दी होते का? … नाही ना? डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

ऐका ना… सरळ बसले की काही नाही. खाली वाकले की टपकन थेंब. आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने वाकायचं नाही तर करायचं काय? … हो, उघड्या घड्याळात पडायचा थेंब. नको ते झालं होतं दुकानात…

तपासलं ना. बाटलीत धरून दिला होता थेंब थेंब… मेंदूचं पाणी निघालं… नाही ताई, मेंदू वितळत नाहीये! … अहो, मेंदूच्या आत पोकळ्या असतात… यांच्याच नाही, सगळ्यांच्याच असतात. तुमच्याही… बरं, राहिलं, माझ्या असतात. तिथे रक्तातूनच गाळून ते पाणी तयार होतं… शेंबडासारखं नाही हो, अगदी नितळ. मग पोकळ्यांतून वाहत बाहेर येतं, मेंदूभोवती फिरतं, खाली पाठीच्या कण्यात उतरतं आणि शेवटी परत रक्तात मुरतं… दिवसाला अर्धा लिटर! … मीही तेच म्हटलं, एवढं मावतं कुठे? पण एका वेळी आत कपभरच असतं. जुनं मुरतं, नवं येतं, चालूच…

कशाला म्हणजे? मेंदू तरंगतो त्यात… खरंच! चांगला दीड किलोच्या आसपासचा ऐवज, पण तरंगतो म्हणून भार जेमतेम पन्नास ग्रॅमचा. नाहीतर स्वतःच्याच वजनाखाली दबला असता. डोकं आपटलं तरी धक्का आधी ते पाणी झेलतं… हो, ठाऊक आहे, तुम्ही लहानपणापासून म्हणत होतात याचा मेंदू पन्नास ग्रॅमचा आहे म्हणून… ऐकलं त्यांनी. हसतायत… अहो, हसू नका जोरात! नर्सने काय सांगितलंय? शिंकायचं नाही, खोकायचं नाही, जोर करायचा नाही… तुम्हाला नाही ताई, यांना.

पाणी गळतं ते भोक कधीचं? तेव्हाचंच. भिंतीवरचं घड्याळ काढताना स्टुलावरून पडले नव्हते का? टेंगूळ आलं, उतरलं, आपण विसरलो. आत, नाक आणि मेंदूच्या मधल्या हाडाला चीर राहिली…

काय म्हणालात? … रोज नवीन होतंय तर गळू दे की थोडं? … ताई! अगदी हेच काल तुमचे बंधू म्हणाले, शब्दन् शब्द! एका आईची मुलं शोभता खरी… अहो, पाणी जिथून बाहेर येतं तिथूनच जंतू आत जातात. थेट मेंदूच्या आवरणापर्यंत. एकदा का ते गेले ना… नाही, घाबरवत नाहीये. डॉक्टरांनी सांगितलं तेच सांगतेय. जिवावर बेतेल.

नाही हो, कवटी नाही उघडत! नाकातूनच दुर्बीण घालतात, मांडीतल्या पातळ पडद्याचा लहानसा तुकडा घेतात आणि भोक बुजवतात… हो, मांडीतलं नाकात… हसा, हसा…

ताई? … हॅलो? … आहात ना? … काय झालं? … अहो, रडताय कशाला? … नाही, नाही. तुम्ही 'नाक शिंकर' म्हणालात म्हणून काही झालं नाही. भोक आधीच होतं… ऐका माझं. मी काय कमी केलं? एका गिऱ्हाईकाचं घड्याळ गंजलं तेव्हा मी चारचौघांत ओरडले यांच्यावर. 'रुमाल ठेवता येत नाही का, किळस येते,' म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीचं काम बाजूला ठेवलं ना त्यांनी. नुसते सेल बदलत बसायचे. तुम्हाला नाही सांगितलं मी हे. कुणालाच नाही.

कोण, यांना देऊ? … थांबा, कानाशी धरते, मान उचलायची नाहीये त्यांना… अहो, ताई आहेत. नुसतं ऐका, वाद घालू नका…

हं, मीच आता… काय मंत्र घातलात हो त्यांना? नुसतं हं हं करत होते आणि एकदम पेन मागितलं… करतायत. दोन्ही पानांवर… झाली सही.

सांगा ना, काय म्हणालात? … काय? … 'आता तिचं ऐकायचं'? … असं म्हणालात? तुम्ही? …

ताई, बावीस वर्षं झाली लग्नाला. एवढी वर्षं वाट बघितली हो मी या वाक्याची. आणि तुम्ही ते आज म्हणताय. आज, जेव्हा मलाच काही सुचत नाहीये… डॉक्टरांचं सगळं पाठ केलंय मी, रात्रभर. तुम्हाला घडाघडा सांगितलं, पण यांना आत नेलं की मी कुणाला सांगत बसू… नाही, रडत नाहीये… हो. रडतेय.

स्ट्रेचर आलं… ताई, मीच ऐकते तुमचं, पण तुम्ही या. आत्ता निघा. मला एकटीला नाही बसवणार बाहेर… हो, तिसरा मजला… हो, जेवले नाहीये… या. ठेवते.