प्रभुभोजनाचा रविवार

(दौंड, जानेवारी १९९९. रविवारची दुपार, चर्चची उपासना सुटल्यावर. घराच्या ओट्यावर सोजर आणि तिचा धाकटा भाऊ शांतवन.)

सोजर: आत जाऊ नको. आधी सांग, देवळात कुठं बसला हुतास?

शांतवन: पुढच्या बाकावर. पाळकसाहेबांनीच बोलावलं. म्हणाले, साक्ष द्या.

सोजर: कसली साक्ष?

शांतवन: आईचीच. तिच्या प्रार्थनेमुळं रांजणगावला कंपनीत परमनंट झालो, असं सांगितलं. दोघीतिघी बायका रडल्या बघ.

सोजर: आन् प्रभुभोजन? ती भाकर, तो द्राक्षरस, घेतलंस?

शांतवन: घेतलं की.

सोजर: उतरलं घशाखाली?

शांतवन: असं काय बोलतीस, अक्का? झालं काय?

सोजर: मंगळवारी फोनवर कोण म्हणालं, "रविवारी रिक्षा घेऊन येतो, आईला माझ्या हातानं देवळात नेतो"?

शांतवन: अरे देवा... शिक्रापुरातनं निघायलाच उशीर झाला गं. चौफुल्याला ट्रकांची ही रांग. गाडी सरळ देवळातच घातली. वाटलं, तू आणशील तिला.

सोजर: मी म्हणाले, चल, मी रिक्षा बघते. तर न्हाई. "शांतवन येणार हाय." मांडी मोडल्यापासनं पाच महिने म्हातारीनं देवळाचं दार बघितलं न्हाई. पहाटे आंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली. प्रभुभोजनाआधी काय खात न्हाई, म्हणून चहासुद्धा घेतला न्हाई. साडेबारापर्यंत काठी धरून फाटकापाशी उभी. आन् तू तिकडं तिचं नाव घेऊन बायका रडवतोस! किळस येती मला तुझी.

शांतवन: चुकलं, अक्का. पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला नेतो ना. आई कुठं जातीय?

सोजर: ह्येच. आई कुठं जात न्हाई, देव कुठं जात न्हाई. दोघांना खुंटीला टांगून ठेवलंयस, नाताळाच्या कोटासारखं. आठवण झाली की काढायचं, झटकायचं, अंगात घालायचं.

शांतवन: हळू बोल, ती ऐकंल.

सोजर: ऐकू दे.

शांतवन: बरं, थांब. पाळकसाहेबांना आत्ता गाडीवर बसवून आणतो. ते घरी येऊन देतात प्रभुभोजन. आई! ऐकतीस का? अर्ध्या तासात आणतो त्यांना!

आई (आतून): नको रे, बाळा. घरी आजाऱ्याला देत्यात. मी आजारी नव्हते. मी तयार होऊन उभी हुते.