लेन म्हणजे पात

पोरांले त्यांच्या रोजच्या कामातली उदाहरणं देऊन शिकवा, असं सांगणाऱ्या माणसाले मले एकदा भेटाचं आहे.

मी घाटंजीकडं पीटीचा मास्तर. मागच्या साली तालुक्याच्या स्पर्धा तोंडावर, अन् चारशे मीटरवाल्या आमच्या दोन पोरी, सविता अन् तिची चुलतबहीण काजल, पळता पळता एकमेकींच्या लेनमधे घुसत. नियम सांगून थकलो. शेवटी म्हटलं, "कपाशी निंदाले जाता ना? एका बाईची एक ओळ, ते तिची पात. लेन म्हणजे तुमची पात. सोडाची नाही."

एका दिवसात सुधारल्या. मी स्टाफरूममधे छाती काढून फिरलो.

स्पर्धेत सविता सगळ्यांच्या पुढं. शेवटची रेघ दहा पावलांवर असताना तिनं मांगं पाह्यलं, थांबली, अन् उलटी पळत काजलपाशी गेली. मी "पळ, पळ" ओरडून राह्यलो, अन् ही तिचा हात धरून तिले ओढून राह्यली. दोघी संगंच शेवटच्या आल्या. पंचानं दोघींले बाद केलं.

"काहून व मांगं फिरली?"

"सर, काजलची पात मांगं राह्यली होती."

"मंग?"

"आपली पात सरत आली का मांगच्या बाईले हात लावाच लागते. तुम्हाले नाही माहीत?"

यंदा मी सांगतलं, लेन म्हणजे एसटीतली सीट. कोणी कितीही हात जोडले तरी द्याची नाही.

दोघी नंबरात आल्या. एकमेकींशी बोलत नाहीत.