चार नंबरचा बोंबील

सुक्या मासळीवर पीएचडी करतेय हे माहितीये ना तुम्हाला? तर ते संदर्भ नीट लावून ठेवायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्याने माझी पार वाट लावली.

त्यात एका नोंदीला हव्या तेवढ्या फायली जोडता येतात. मी डेस्कटॉपवर पडलेल्या पाचही फायली न बघता उचलल्या, बोंबलाच्या एका पेपरला जोडल्या आणि सगळ्यांना त्या नोंदीचंच नाव देऊन टाकलं. झकास! 'सुका बोंबील: टिकाऊपणा आणि वास', पुढे फक्त एक ते पाच. तशाच गाईडसरांना पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला घरी जेवत होते, तर सरांचा फोन. हात खरकटा, म्हणून स्पीकरवर टाकला.

"चार नंबरची फाईल संदर्भ म्हणून चालणार नाही."

"का सर?"

"त्यात तुझी रास आहे, गोत्र आहे. बोंबील कुठेच नाही."

माझा लग्नाचा बायोडेटा! आईने टाईप केलेला.

"आणि उंची पाच फूट चार? तीन वर्षं बघतोय तुला. आकडे फुगवायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

मला तोंड लपवायला जागा नाही. आई मात्र लाटणं घेऊनच फोनपाशी आली.

"अहो सर, दोन इंच सगळेच वाढवून लिहितात. मुलाकडचे वाचतानाच वजा करतात."

सरांचा आवाज तसाच गंभीर.

"मग खाली तशी तळटीप द्या."