बचतीची रांग

इंदूरचं होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि त्यांचं घोडदळ, म्हणजे रिसाला, मोडला, तेव्हापासून त्यातल्या जयसिंगरावांना फारसं काम उरलं नव्हतं. म्हणून स्नेहलतागंजचं पोस्ट बंद होणार असं कळताच काल त्यांनी चौकात दणकून भाषण केलं. आज ते पोस्टात रांगेत उभे होते आणि पुढे दोन बायका बोलत होत्या.

"गंगूबाई, पोस्ट गेलं तर पैसे कुठं ठेवशील?"

"घरी ठेवले की हे पत्त्यांत उडवतात. बँकेतला बाबू मला दारातूनच परत पाठवतो. इथे अंगठा तरी चालतो."

"काल ते मिशीवाले रावसाहेब काय छान बोलले!"

"बोलले खरे. पर त्यांना इथे कधी पाहिलंस? पोस्ट गेलं तर त्यांचं काय जाणार? भाषणाला चौक राहीलच."

"हळू बोल, मागे कोणीतरी आहे."

गंगूबाई वळल्या. "अरे, रावसाहेब! पोस्टकार्ड हवंय का? ते त्या खिडकीत मिळतं. ही बचतीची रांग आहे."

"माहीत आहे, बाई. खातंच उघडायचंय."

"बरं केलंत. दोन रुपये लागतात, आणलेत ना?"

"आणलेत तर."

खिशात कार्डापुरता एक आणा होता. रांग पुढे सरकली, तसे जयसिंगरावही सरकले.