खुब्याला लावलेला रॉड

प्लांटच्या वसाहतीतली, सेक्टर दोनची सुजाता हाडांच्या ओपीडीबाहेर नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर प्लांटातून रिटायर झालेले यादोराव होते, मांडीवर बायकोचा एक्स-रे घेऊन, आणि त्यांना लागून त्यांची बायको पुस्तकलाबाई. पुस्तकलाबाईंच्या खुब्यात सहा वर्षांपूर्वी बसवलेला धातूचा सांधा सैल झालाय, असं डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं होतं.

“मले दिवाळीतच कळलं होतं,” यादोराव बायकोला म्हणाले.

“कसं?”

“तू दुपारी निजली होती. मशीनच्या बेअरिंगचा आवाज आयकाले आमी लोखंडी रॉडचं एक टोक बेअरिंगले अन् दुसरं कानाले लावतो ना, तसाच तुह्या खुब्याले लावला अन् पाय हलवून पाह्यला. आतून खरखर आली.”

“मंग बोलले कावून नाही?”

“प्लांटात अशी खरखर आयकली का मी तवाच मशीन बंद कराले लावत होतो. इथं बंद करणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन. अन् हार्टवाला डॉक्टर म्हणते, तुले आता भूल झेपणार नाही.”

सुजाताचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

“मी निजली नव्हती,” पुस्तकलाबाई म्हणाल्या.

“जागी होती?”

“हो. डोळे उघडले असते, तर तुमी काय आयकलं ते तुमच्या तोंडावर दिसलं असतं.”