जिन्याच्या कठड्यातून निघालेला क्यू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, क्लबमधले लहानथोर खेळाडू, आमच्या गल्लीतली कारागीर मंडळी आणि जिला आज निरोप द्यायचाय ती माझी आत्या, सर्वांना नमस्कार.

आधीच सांगून टाकतो. हे भाषण लिही म्हणून आत्याने मला महिन्यापूर्वी सांगितलं आणि मी ते आज जेवण झाल्यावर लिहायला घेतलं. मधल्या काळात काय केलं? लाकूड कातायचा लेथ पुसला, दुकानाच्या दाराला तेल घातलं, शेजाऱ्याच्या दारालाही घातलं. शाळेत निबंध आला की मला तहान लागायची, तसंच. शाळा सुटली, मग मालट्रक झाला, बोटीवरचं स्वयंपाकघर झालं, मग एका सर्कशीत तंबू ठोकायला... आत्या म्हणतेय, "मुद्द्यावर ये." तुम्हाला ऐकू आलं नसेल. मला आलं.

पण लिहिणं टाळायचं खरं कारण आळस नव्हता. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची बघा. ती माझ्या वडिलांची, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची. आत्या इतकी वर्षं क्यू करत आली, म्हणजे टेबलावर चेंडू ढकलायच्या पूल नावाच्या खेळातल्या काठ्या. आज ती ते काम खाली ठेवतेय आणि तिने आयोजकांकडे एवढंच मागितलं, "त्याची खुर्ची मांडा. आला तर आला." माझ्या जन्माआधीपासून ही दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत. परवा मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अध्यक्ष कोण?" मी सांगितलं. "मग मी कशाला येऊ? टाळ्या वाजवायला?" आणि फोन ठेवला.

अध्यक्ष महोदय, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण आता तुम्हालाही ऐकून घ्यावं लागेल.

आत्या तेव्हा खुर्च्यांच्या कारखान्यात कातारी होती. दिवसभर लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचे. आणि बाबा पूल खेळायचे, म्हणजे दुसरं काहीच करायचे नाहीत. हात सोन्याचा, डोकं मात्र जळत्या काडीचं. एकदा एक सोपा चेंडू हुकला म्हणून त्यांनी स्वतःचा क्यू टेबलाच्या कडेवर आपटून मोडला. क्लबचे मालक म्हणाले, "रविवारी स्पर्धेचा शेवटचा सामना. स्वतःची काठी आणलीस तर खेळ. माझ्या काठीला हात लावलास तर तंगडं मोडीन."

बाबा घरी तोंड फिरवून पडले. आत्या म्हणाली, "ऊठ. मी करते. त्यात काय, खुर्चीचा जरा लांब पाय."

इथेच ती फसली. नवी कोरी फळी घेतली, एका दमात कातली. संध्याकाळी काठी सरळ, सकाळी धनुष्य! दुसरी केली, तीही तशीच. कारखान्याचे मुकादम हसले. "पोरी, लाकडाला घाई चालत नाही. थोडं कातायचं, टांगून ठेवायचं, त्याला रुसू द्यायचं. मग पुन्हा थोडं. वर्षभर रुसवे काढलेस की सरळ राहील."

"वर्ष कुठून आणू? माझ्याकडे रविवार आहे."

"मग ज्याचे रुसवे कधीच संपलेत असं लाकूड शोध."

आत्या घरी आली, जिना चढायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली. हाताखाली कठडा होता. माझ्या आजोबांनी, अण्णांनी, तरुणपणी बसवलेला, सुतासारखा सरळ. पण अण्णा वरच्या खोलीत राहायचे आणि त्यांची दृष्टी गेलेली होती. त्या कठड्यावर हात ठेवूनच ते खाली उतरायचे.

अण्णा दुपारी झोपले. आत्याने कठड्याच्या जागी दोर बांधला, कठडा सोडवला, खांद्यावर घेतला आणि वर पाऊल वाजलं.

"अण्णा, थांबा! पाय उचलू नका!"

अण्णांचा हात हवेत चाचपडतोय. "कठडा कुठाय?"

"माझ्या खांद्यावर."

"कशाला?"

"त्याच्यासाठी. काठी करायचीय."

मंडळी, तुमच्या वडिलांनी काय केलं असतं? माझ्या बाबांनी तर शेजारी गोळा केले असते. अण्णा म्हणाले, "दोर बांधलायस? लटकून दाखव." आत्या अख्खी लटकली. दोर टिकला. मग अण्णा एकेक पायरी चाचपत उतरले आणि खाली आल्यावर कठड्यावरून हात फिरवून म्हणाले, "खालच्या अंगानं काप. वरती वळणाशी माझा हात रोज जरा आत जातो. तिथं लाकूड खोटं आहे."

रविवार. बाबांसमोर खेळायला होतात तुम्ही, अध्यक्ष महोदय. तुम्ही प्रत्येक फटक्याआधी शीळ घालायचा, म्हणून सगळे तुम्हाला शिट्टी म्हणायचे. सामना बरोबरीत. टेबलावर फक्त काळा चेंडू. बाबा वाकले. सगळा हॉल चेंडूकडे बघत होता आणि आत्या फक्त काठीकडे. आता बाक येईल, आता येईल... नाही आला. चेंडू मात्र भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबला. तुम्ही शीळ घातली, तो आत ढकललात आणि सामना जिंकलात.

मग तुम्ही बाबांचा क्यू मागितलात, टेबलावर घरंगळवलात. जराही उडाला नाही, म्हणजे पुरता सरळ. तुम्ही आत्याला विचारलंत, "मला असा एक करून द्याल?"

त्या वेळी तिच्या मनात काय आलं, हे मी तिला कितीदा विचारलं. ती म्हणते, "काही नाही रे. पहिल्यांदा कुणी मला माझं काम मागत होतं." ती तुम्हाला म्हणाली, "देईन. पण वर्ष लागेल."

"ताई, त्याला?" बाबा म्हणाले. "त्यालाच?" आणि अण्णांच्या कठड्यातून निघालेला तो क्यू त्यांनी गुडघ्यावर घेतला आणि मोडला. त्याच पावली घर सोडलं.

"तुझ्या आत्यानं भावाला विकलं," हे ऐकत मी मोठा झालो. अशी बाई असते तरी कशी, ते बघायला म्हणून मी तिच्या दुकानात आलो आणि अजून तिथेच काठ्या टांगतोय. ती बाबांना कधी वावगं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "मधोमध मोडला त्यानं. चार बोटं वर मोडला असता तर सांधला असता."

असो. आत्याच्या कामाची सुरुवात ही अशी. हॉल देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे, इतका वेळ गप्प बसलेल्या अध्यक्षांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. कमी शिकलेल्या माणसाचं भाषण आहे, घरातलं चार लोकांत काढलं, कुठे तोल सुटला असेल तर पोटात घाला...

एक मिनिट. दारावरचे दादा कसल्या खुणा करतायत? काय? जरा मोठ्यानं सांगा.

"अहो, बाहेर एक गृहस्थ आलेत. आत यायला तयार नाहीत. विचारतायत, ती अजून रागावलीय का?"

आत्या, सांग लवकर. काय सांगू त्यांना?