हिरोची पाठ

हॅलो?… हां ताई, बोल… जेवतेय कुठली! एडिटिंगला बसलेय. पाच वाजता निर्मातेसाहेब येतायत… सिनेमा बघायला गं! प्रेम दिसलं नाही तर काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला देणार म्हणाले… हो, तोंडावर!

काय? ढब्बू फोन उचलत नाही?… अगं, महिनाभर आमच्या सिनेमात स्टंटच्या उड्या मारल्यात तुझ्या लेकाने. झोपला असेल… आरशासमोर शिट्टी? मारू दे की! तीस वर्षांचा घोडा झालाय… रविवारी मुलगी बघायला? कुठली?… बँकेतली. बरं बरं… अगं, पण माझं ऐक ना!

दिसायला सिनेमा एकदम झकास. गुंडांचे कोट काय, गाड्या काय, पिस्तुलंसुद्धा चकाचक… आणि प्रेम? शून्य! नटी म्हणते, तुझ्यासाठी जीव देईन. आणि हिरो बघतो कसा, तर दाताच्या दवाखान्यात नंबर लागल्यासारखा… हसू नकोस! इथे माझ्या पोटावर पाय येतोय.

भांडण? छे, भांडायला तरी बोलावं लागतं! तो म्हणे, हिच्या तोंडाला कांद्याचा वास. ती म्हणे, ह्याचं सगळं लक्ष भांगात…

थांब… थांब जरा. नाही, ठेवू नकोस… अगं, तुला कुठून दिसणार, सांगते ना! गोदीतला सीन. हिचा चेहरा आणि पुढे हिरोची नुसती पाठ. आणि काय बघतेय गं ही! डोळ्यांत पाणी, गाल लाल… हो, हीच ती!… पुढच्या सीनमध्येही तेच. पाठ आली की बाई विरघळली. तो समोरून आला की पुन्हा दगड!

हं? पाठ दुसऱ्याची असेल?… अय्या, खरंच की! ती पाठ त्याची नसतेच. हिचा चेहरा घ्यायचा असला की हिरोसाहेब गाडीत जाऊन घोरतात. मग त्यांचा कोट-टोपी चढवून स्टंटवाल्यांतलं कुणीतरी उभं करतात… कोण ते काय माहीत… थांब, मोठं करते. टोपीखालून उजवा कान बाहेर आलाय… चांगला सुपाएवढा…

ताई?… आहेस ना?

अगं, आपला ढब्बू!

हो गं, शपथ! मावशी आहे मी त्याची, कान ओळखणार नाही?… आता कळली ती आरशासमोरची शिट्टी!… रडतेयस की हसतेयस? आधी त्या बँकेतल्या मुलीला नाही म्हणून कळव… मीही लागते कामाला. जिथे जिथे हिरोचं तोंड, तिथे कात्री. आता सिनेमाभर तुझ्या लेकाची पाठ!

काय?… नटी आहे, खोटंच असेल?… अगं ताई, तिला खोटं खोटं प्रेम करता आलं असतं, तर मी महिनाभर इथे डोकं आपटत बसले असते का?

हॅलो?… ताई?… ठेवलासुद्धा!